पंचवीस गावांनी नांगर सोडला

वडखळहून अलिबागकडे जाणाऱ्या रस्त्यावर चरी नावाचं गाव आहे. शनिवारी सकाळी नागाव, रेवदंडा, काशिदच्या किनाऱ्यांकडे निघालेल्या गाड्या या रस्त्याने धावतात आणि त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं, की आपण भारतातल्या सर्वांत दीर्घ शेतकरी संपांपैकी एकाच्या गावावरून चाललो आहोत. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरीत सभा भरली. आसपासच्या २५ गावांतल्या कुळांनी त्या सभेत ठरवलं, की पिकातला न्याय्य वाटा पदरात पडेपर्यंत मालकाची जमीन कसायची नाही. हा निश्चय १९३९ पर्यंत टिकला. म्हणजे जवळजवळ सहा पावसाळे आले नि गेले, पण त्या शेतांत लावणी झाली नाही.

चरी-कोपरचा संप म्हणून तो ओळखला जातो. महाराष्ट्रातल्या चळवळींचा इतिहास लिहिताना त्याला एखादा परिच्छेद मिळतो, बऱ्याचदा डॉ. आंबेडकरांच्या चरित्रातलं एक पान म्हणून. २०१७ च्या जून महिन्यात पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी संप पुकारला तेव्हा वर्तमानपत्रांनी चरीची आठवण काढली, आणि दूध-भाजीची आवक सुरळीत झाल्यावर ती पुन्हा मिटली. मला हा अन्याय वाटतो. चळवळ कशी उभी राहते, कशी टिकते आणि जिंकल्यावर कुणाला मागे सोडते, हे तिन्ही प्रश्न या एका संपात जितके उघडे दिसतात, तितके फार थोड्या ठिकाणी दिसतात.

आधी संपाचं वेगळेपण नीट पाहायला हवं. त्या काळात शेतकऱ्यांचे लढे देशभर चालू होते. १९२८ च्या बारडोलीत शेतकऱ्यांनी सरकारचा सारा भरायला नकार दिला. पण शेती चालूच होती, घरात धान्य येत होतं, भीती होती ती जप्तीची. त्याच वर्षी मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. कामगाराचा पगार बुडाला, पण तो गिरणीत तयार होणारं कापड खाऊन जगत नव्हता. चरीच्या कुळाची गोष्ट निराळी होती. ज्या शेतात मालकाचा खंड पिकत होता, त्याच शेतात त्याच्या घरचा तांदूळही पिकत होता. नांगर सोडायचा म्हणजे पहिला घाला स्वतःच्या चुलीवर. असं हत्यार माणसं उचलतात ती रागाच्या भरात नव्हे. राग सहा वर्षं पुरत नाही.

त्या काळच्या कुलाबा (आजच्या रायगड) आणि रत्नागिरी जिल्ह्यांत खोती होती. खोत हा मुळात सरकार आणि शेतकरी यांच्या मधला, गावाचा सारा गोळा करून भरणारा वतनदार. इंग्रजी अंमलात त्याचे हक्क कायद्याच्या कागदावर पक्के होत गेले, आणि सारा गोळा करणारा हळूहळू मालकासारखा वागू लागला. त्याच्या जोडीला सावकारी. लग्नकार्यासाठी, आजारपणासाठी किंवा एखाद्या बुडालेल्या हंगामानंतर घेतलेलं कर्ज फिटत नसे, जमीन सावकाराच्या नावावर जाई, आणि काल मालक असलेला माणूस आज त्याच शेतात कूळ म्हणून उभा राही. कुळाकडून कबुलायत लिहून घेतली जाई. इतकं भात, इतका पेंढा, कोणत्या झाडावर कुणाचा हक्क, हे सगळं त्या कागदावर मालकाच्या बाजूने ठरलेलं असे आणि खाली अंगठा कुळाचा. थकबाकी पुढच्या सालात वाढून उभी राही. शिवाय मालकाच्या घरची वेठ होतीच. आणि या सगळ्याहून जाचक म्हणजे कबुलायतीची मुदत. आज कसतो ती जमीन पुढच्या वर्षी आपल्याकडे राहील याची कुळाला कसलीही हमी नव्हती, म्हणून तक्रार करायची छाती होत नसे.

इथवरची हकिकत कोकणात कुठेही सापडेल. मग संप खारेपाटातच का झाला? दक्षिणेकडे रत्नागिरीतही खोत होतेच, जाचही होता. या प्रश्नाने मला बराच काळ गुंतवून ठेवलं आहे, आणि त्याचं उत्तर मला तिथल्या चिखलात सापडतं.

खारेपाट म्हणजे खाडीकाठची सखल जमीन. भरतीचं पाणी जिथे एरवी सहज पसरलं असतं, तिथे माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या मातीचे बांध घालून समुद्र बाहेर ठेवला आणि आत भातशेती केली. पावसाचं गोडं पाणी आतला खार धुऊन काढतं, ओहोटीच्या वेळी ते उघाडीतून बाहेर सोडायचं, भरती आली की उघाडी बंद. बांध मातीचाच, त्यामुळे उधाणाच्या दिवसांत त्याला भगदाड पडू शकतं. तिथले लोक त्याला खांड म्हणतात. खांड गेली की ती तातडीने बुजवावी लागते, कारण पुढची भरती तोवर थांबून राहत नाही. एकदा खारं पाणी आत शिरून राहिलं की ती जमीन काही हंगाम भाताच्या कामाची राहत नाही. तिवरं उगवतात आणि शेताचं खाजण होतं.

हे राखणीचं काम एकट्यादुकट्याचं नव्हे. त्यासाठी खारेपाटात जोळ होता. एका बांधाच्या आडोशाने ज्यांची शेतं, त्यांनी मिळून तो बांध राखायचा, चिखलमाती काढायची, खांड पडली तर रात्री-अपरात्री धावायचं. कोण आलं, कोण आलं नाही, याचा हिशेब गाव ठेवी. माझ्या मते संपाची मुळं या जोळात आहेत. सभा, ठराव, वर्गणी हे सगळं नंतर आलं. पण शेजाऱ्याचा बांध फुटला तर आपलंही शेत बुडतं, ही जाणीव त्या माणसांना कुणा पुढाऱ्याने शिकवलेली नव्हती. समाजशास्त्रात चळवळींबद्दल बोलताना चार्ल्स टिली या अमेरिकी अभ्यासकाचं एक म्हणणं वारंवार येतं: माणसं लढताना बहुधा त्यांच्या हाताला आधीपासून सवयीच्या असलेल्या रीतीच वापरतात. खारेपाटातल्या माणसांना एकत्र येऊन बांध धरायची सवय होती. १९३३ साली त्यांनी एकत्र येऊन बांध सोडला.

त्या सोडण्यात जी ताकद होती ती देशावरच्या शेतात आली नसती. घाटावरची जमीन दोन वर्षं पडीक राहिली तर फारसं बिघडत नाही, कुणी म्हणेल उलट जिरायती जमिनीला विसावा मिळतो. खारेपाटात तसं नाही. तिथे हात थांबले की समुद्र आत येतो. कागदावर मालकी कुणाचीही असो, ती जमीन जमीन म्हणून टिकत होती ती कुळांच्या रोजच्या मेहनतीवर. मालकाला बाहेरून मजूर आणून एखादा हंगाम रेटता आला असता, पण बांध, उघाड्या, खांडी यांचं ज्ञान मजुरीने आणता येत नाही. पंचवीस गावं एकदम उठली तर असे मजूर आणायचे तरी कुठून?

हे सगळं असलं तरी कुणीतरी गावोगाव फिरून बोलावं लागतं. ते काम नारायण नागू पाटील यांनी केलं. ते अलिबाग तालुक्यातल्या धेरंडचे, आगरी समाजातले, म्हणजे संप करणाऱ्यांपैकीच एक. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते खोतांच्या जाचाविरुद्ध बोलत होते. १९२७ च्या सुमारास कोकण प्रांत शेतकरी संघ उभा राहिला आणि त्यात त्यांच्याबरोबर अनंतराव चित्रे होते. गावोगाव सभा झाल्या, सरकारने बंदीहुकूम काढले, बंदी उठली की सभा पुन्हा सुरू. १९३३ चा ठराव हा एका संध्याकाळचा उत्साह नव्हता. त्यामागे दहा वर्षांची पायपीट होती.

चित्रे हे नाव आलं की महाड आठवायलाच हवं, कारण महाडही तेव्हा याच कुलाबा जिल्ह्यात. मार्च १९२७ मध्ये महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, लोक चवदार तळ्यावर गेले. त्या परिषदेच्या संयोजनात अनंतराव चित्रे पुढे होते आणि महाड नगरपालिकेची सूत्रं ज्यांच्याकडे होती ते सुरबानाना टिपणीस पाठीशी होते. दोघेही चांद्रसेनीय कायस्थ प्रभू, म्हणजे ज्या थरातून अनेक खोत येत त्याच थरातले. तळ्याच्या पाण्यासाठीचा लढा आणि भाताच्या वाट्यासाठीचा लढा यांच्यामध्ये हीच माणसं ये-जा करत होती. आपण नंतर पुस्तकांत एकाला जातिअंताची चळवळ म्हटलं, दुसऱ्याला शेतकरी चळवळ, आणि दोघांना वेगवेगळ्या कपाटांत ठेवलं. त्या काळच्या कुलाब्यात ही कपाटं नव्हती. खोताच्या अंगणात आगरी कूळही खालीच बसे आणि महार कूळही. दोघांमधलं अंतर मोठं होतं आणि ते संपाने पुसून टाकलं असं म्हणणं खोटं ठरेल, पण दोघांच्या कबुलायतीचा कागद एकाच पेटीत असे.

म्हणूनच १६ डिसेंबर १९३४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला शेतकऱ्यांच्या सभेत आले, ही आपुलकीपोटी दिलेली भेट मानता येत नाही. त्यांच्या राजकारणाची ती पुढची पायरी होती. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबई विधिमंडळात १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १० जानेवारी १९३८ रोजी वीस-पंचवीस हजार शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. कोकणातून बोटींनी आलेली, धोतर-लंगोटीतली माणसं मुंबईच्या रस्त्यांवरून चालत होती. स्वतः शेतकरी विधिमंडळाच्या दाराशी इतक्या संख्येने येऊन उभे राहिले, हे त्या शहराला नवीन होतं.

संपकऱ्यांची सहा वर्षं कशी गेली असतील, याचा विचार करताना मोर्चे आणि ठराव बाजूला ठेवून चुलीकडे पाहावं लागतं. शेती थांबली तेव्हा खाडी आणि डोंगर उरले. खाडीत मासे, कोलंबी, चिंबोऱ्या. डोंगरात लाकूडफाटा, जो मोळी बांधून डोक्यावरून बाजारात न्यायचा. मिळेल तिथे मजुरी. ज्यांना मुंबईचा रस्ता माहीत होता ते मुंबईला गेले. दागिने मोडले गेले, गुरं विकली गेली. मोळ्या वाहणं, खाडीत उतरणं, बाजारात बसणं यातलं पुष्कळसं काम बायकांचं. संपाचा दैनंदिन खर्च त्यांनी उचलला असं मी म्हणेन. तरी संपाच्या लिखित इतिहासात पुढाऱ्यांची नावं आहेत, गावांची नावं आहेत, तारखा आहेत. स्त्रियांची नावं जवळजवळ नाहीत. या उणिवेला त्या काळाचं नाव देऊन मोकळं होता येत नाही, कारण आपणही नंतर विचारायला गेलो नाही.

या काळात संपाने आणखी एक गोष्ट कमावली. शेतकऱ्यांची बाजू मांडणारं पत्र हवं म्हणून १९३७ मध्ये ‘कृषीवल’ निघालं. नारायण नागूंचंच हे काम. अलिबागमधून ते आजही निघतं. संपातून जन्मलेलं आणि ऐंशी वर्षांहून अधिक टिकलेलं वर्तमानपत्र ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट आहे.

काँग्रेसचं मंत्रिमंडळ प्रांतात आल्यावर हा प्रश्न टाळणं कठीण झालं. महसूलमंत्री मोरारजी देसाई यांनी यात लक्ष घातलं, कुळांच्या हक्कांची चर्चा सरकारी टेबलावर आली आणि १९३९ मध्ये संप मिटला. त्याच वर्षी मुंबई इलाख्याचा पहिला कूळकायदा झाला आणि संरक्षित कूळ ही संज्ञा कायद्यात आली. तो कायदा तोकडा होता, त्याची अंमलबजावणी संथ होती, पण दार उघडलं. १९४८ चा कूळवहिवाट कायदा, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आणि १ एप्रिल १९५७, म्हणजे कृषक दिन, ज्या दिवसापासून कसणारं कूळ जमिनीचा मालक मानलं गेलं. चरीच्या संपापासून इथवरची वाट सरळ नाही. त्यात तेलंगणाची धग आहे, वारली उठाव आहे, देशभरचं राजकारण आहे. तरीही ‘कसेल त्याची जमीन’ ही मागणी महाराष्ट्रात सभेच्या घोषणेतून सातबाऱ्यावर उतरण्याआधी चरीच्या कुळांनी ती सहा वर्षं उपाशी राहून मांडली होती.

इथे मुळशीशी तुलना केल्यावाचून राहवत नाही. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशी पेट्यात सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखी जिवावर उदार झालेली माणसं त्यात होती. मावळ्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला, धरण झालंच. राजेंद्र व्होरांनी या सत्याग्रहाचा जो अभ्यास केला, त्यात एक कडू सत्य येतं. मुळशीतल्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या, आणि त्यांना जमीन वाचण्यापेक्षा भरपाईचा पैसा जवळचा वाटला. कसणारा आणि मालक यांच्या वाटा तिथे लढ्याच्या मध्येच फुटल्या, आणि नेतृत्व बरंचसं शहराकडून आलेलं होतं. चरीत कुळाने सावकाराला आपल्या बाजूचा मानण्याची चूक पहिल्यापासून केली नाही. तो लढाच सावकाराशी होता. बापटांच्या त्यागापुढे मान लवते. पण चळवळीचा निकाल त्यागाच्या मापाने लागत नाही, तिच्यात कुणाचे हितसंबंध कुणाशी बांधले आहेत यावर बराचसा ठरतो.

आता जिंकणाऱ्यांकडेही पाहायला हवं. कूळकायद्याने जमीन दिली ती ज्याचं नाव कूळ म्हणून लागलं त्याला. ज्याचं नावच कुठे नव्हतं तो बाहेर राहिला. रायगडातल्या कातकरी आदिवासींनी दुसऱ्यांच्या शेतावर, कोळशाच्या भट्ट्यांवर, पुढे वीटभट्ट्यांवर राबत पिढ्या काढल्या. १९५७ च्या कृषक दिनाने त्यांच्या पदरात फारसं काही टाकलं नाही. बाईचं नाव सातबाऱ्यावर यायलाही पुढे फार वेळ लागला. संपाचा गौरव करताना हे गाळलं, तर आपण इतिहास सांगत नाही, आरती करतो.

तरी या संपाने मागे जे ठेवलं ते जमिनीच्या तुकड्यांपेक्षा मोठं आहे, असं मला वाटतं. त्याने त्या जिल्ह्याला लढण्याची रीत दिली. शेतकरी कामगार पक्ष १९४७ मध्ये स्थापन झाला तेव्हा कुलाब्यात त्याला पाय रोवायला तयार भूमी मिळाली. १९७० मध्ये सिडको आली, ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी संपादित व्हायच्या होत्या. जानेवारी १९८४ मध्ये, १६ आणि १७ तारखेला, उरण तालुक्यात न्हावा-शेवा बंदराच्या जमिनींसाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण ठार झाले. जासईचे दि. बा. पाटील त्या लढ्याचे नेते. त्यातून प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचं तत्त्व आलं. भूसंपादनात रोख पैशाबरोबर विकसित जमिनीतला वाटाही मागता येतो, हे देशाला या भागाने दाखवून दिलं. वाटा हाच चरीचाही शब्द होता.

पुढची पायरी २००८ ची. महामुंबई सेझसाठी पेण, उरण, पनवेल तालुक्यांतली हजारो हेक्टर जमीन मागितली गेली. एन. डी. पाटील, उल्का महाजन यांच्यासारखे कार्यकर्ते आणि गावोगावच्या समित्या उभ्या राहिल्या. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांमध्ये २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारला जनमत घ्यावं लागलं. शेतकऱ्यांनी रांगा लावून मत नोंदवलं, तेही अतिशय मोठ्या संख्येने जमीन देण्याच्या विरोधात. संपादनाची मुदत पुढच्या वर्षी संपली आणि प्रकल्प बारगळला. आणि धेरंड? नारायण नागूंच्या त्याच धेरंडमध्ये टाटा पॉवरने १६०० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प योजला होता. शहापूर-धेरंडच्या शेतकऱ्यांनी श्रमिक मुक्ती दलाबरोबर त्याला विरोध केला. तो प्रकल्प उभा राहिला नाही.

या भागात प्रत्येक पिढीला आपला लढा नव्याने शोधावा लागला नाही. आजोबा चरीत, वडील जासईत, नात पेणच्या जनमताच्या रांगेत, अशी घरं आहेत. चळवळींच्या अभ्यासात आपण मागण्या मोजतो, यश-अपयश मोजतो. ही घराघरांतून चालत आलेली शिकवण मोजायची पद्धत आपल्याकडे नाही, आणि म्हणून एखादी चळवळ ‘संपली’ असं आपण फार लवकर लिहून टाकतो.

मात्र ही शिकवण आपोआप टिकेल असं समजणं धोक्याचं आहे. खारेपाटातले बांध आता खारभूमी खात्याच्या ताब्यात आहेत. जोळ मोडला, खांड पडली की अर्ज करायचा आणि निधीची वाट बघायची. कित्येक शेतांत तिवरं वाढली आहेत आणि एकदा ती वाढली की कांदळवन म्हणून त्यांना कायद्याचं संरक्षण मिळतं, त्यामुळे शेतकऱ्याचं भातशेत कायमचं हातचं जातं. कांदळवन राखायलाच हवं, यात मला शंका नाही. पण खात्याने वेळेवर बुजवली नाही म्हणून गेलेल्या खांडीची शिक्षा शेतकऱ्याने का भोगावी? १९३३ साली बांध सोडणं हा कुळांचा निर्णय होता. आज बांध सुटतो तो कुणाच्याही निर्णयाविना, आणि पडीक झालेली जमीन घ्यायला गिऱ्हाईक लगेच दारात असतं.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमचं मूळ गाव अलिबाग, पेण, पोयनाड, उरण, रोहा या पट्ट्यात असेल, तर घरातली जुनी पेटी एकदा उघडा. त्यात कबुलायती असतील, खंडाच्या पावत्या असतील, ‘कृषीवल’चे पिवळे अंक असतील, कोर्टाचे समन्स असतील. ते रद्दीत देऊ नका. स्कॅन करा, जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला किंवा ग्रंथालयाला त्याची प्रत द्या. आणि घरात ऐंशी-नव्वदीची आजी असेल, तर तिच्या आईने, सासूने त्या सहा वर्षांत चूल कशी पेटती ठेवली, हे तिला विचारा आणि मोबाइलवर तिच्याच आवाजात नोंदवून ठेवा. हे काम पुढच्या वर्षावर टाकण्याइतका वेळ आता उरलेला नाही.